झालंय का? नाही, होतंय!

...नाही, पण तुम्हीच मला सांगा, टोमॅटोचं सूप करायला सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळ का लागावा? टोमॅटो आहे तो, दगड नाहीये! चिरा, उकळा, गाळा, प्या! पण नाही. आमच्याकडे तो आधी ओव्हनमध्ये भाजायचा, मग निवायचा, मग त्याची साल काढायची, आणि साल कशी, तर जखमेवरची पट्टी सोडवावी तशी, हळूच, त्याला दुखू नये म्हणून! मग मंद आचेवर आटवायचा, मग गाळायचा, मग पुन्हा आटवायचा... आणि मी? मी दिवसभर लोकांना गाडी शिकवते हो. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आहे मी. 'क्लच, क्लच, अहो तो ब्रेक, क्लच दाबा, समोर बघा, माझ्याकडे काय बघताय!' असं ओरडून ओरडून घसा बसलेला, पोटात कावळे कोकलतायत, अशी घरी येते, दारातच बूट काढता काढता विचारते, "झालंय का?" आणि स्वयंपाकघरातून आमच्या ह्यांचा आवाज येतो, एकदम गोड, एकदम शांत...

"होतंय!"

होतंय! तुम्हाला सांगते, ह्या 'होतंय'नं माझा जीव खाल्लाय. आमच्या घरात मध्यंतरी काही 'झालं' असं होतच नव्हतं. पीठ फुगतंय, सॉस आटतोय, चीज गळतंय, मुरंबा मुरतोय... सगळं नुसतं चालू! आणि आम्ही दोघी, मी आणि माझ्या सासूबाई, रिकाम्या ताटल्या पुढं घेऊन बसलोय, स्टेशनवर गाडीची वाट बघत बसावं तशा.

आणि बोलले का मी काही? नाही बोलले!

का नाही बोलले? सांगते ना. आमचे हे निवृत्त झाले. त्याआधी आयुष्यभर खोक्यांच्या कारखान्यात. म्हणजे पुठ्ठ्याची खोकी हो, बिस्किटांची, सूपची, नूडल्सची, तुम्ही दुकानातून आणता ती. तपासणी विभागात होते. खोक्याची घडी नीट पडते का, कडा जुळतात का, गोंद धरतो का, हे बघायचं. आतल्या मालाशी यांचा काडीचा संबंध नाही! आणि घरी आमचा सगळा कारभार त्या आतल्या मालावर. मी नोकरीवाली, सासूबाईंनी चुलीला केव्हाच रामराम ठोकलेला, त्यामुळं पाकीट फोडा, डबा उघडा, गरम करा, जेवा. लेक त्याच्यावर वाढली, चांगली धडधाकट आहे, दुसऱ्या गावी नोकरी करते, तिथंही पाकिटंच फोडते. कोणाची तक्रार नव्हती!

मग हे घरी बसले. आणि बसले म्हणजे अक्षरशः बसले. खुर्चीत. भिंतीकडे तोंड करून. विचारलं, "काय बघताय?" तर म्हणायचे, "काही नाही." पेपर वाचायचे नाहीत, टीव्ही लावायचे नाहीत. सकाळी उठून इस्त्रीचा शर्ट घालायचे, आणि परत खुर्चीत. एकदा मी कामावरून आले तर हे माझ्या चपलांच्या खोक्याच्या कडा दाबून बघत होते. म्हटलं, हा माणूस असाच विझत जाणार की काय!

आणि एक दिवस ह्यांनी सूपचं पाकीट हातात घेतलं. मागची बाजू वाचली. आयुष्यात पहिल्यांदा! इतकी वर्षं ती छापलेली अक्षरं सरळ आहेत की वाकडी एवढंच बघितलेलं, आता म्हणतात काय लिहिलंय ते बघू. आणि वाचता वाचता उठून उभे राहिले! "अगं, हे बघ! टोमॅटोच्या सूपमध्ये टोमॅटो सहाव्या नंबरावर आहे! आधी मैदा आहे, मग साखर आहे, मग मीठ आहे, मग हे काय आहे... हे मला उच्चारतासुद्धा येत नाही, आणि आपण हे पितो?" आवाज चढलेला, डोळ्यांत चमक, गालांवर रंग! कित्येक महिन्यांनी माझा नवरा मला परत दिसला. बाह्या सरसावून म्हणाले, "उद्यापासून ह्या घरात पाकीट येणार नाही. मी करीन. सगळं. घरी."

आता अशा माणसाला तुम्ही काय सांगणार? 'बसा परत भिंतीकडे बघत' म्हणणार?

नाही बोलले मी काही!

दुसऱ्याच दिवशी कपाटं रिकामी. सगळी पाकिटं, सगळे डबे पिशव्यांत भरून वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला दिले. तो आनंदानं जिना चढतोय आणि सासूबाई दारात उभ्या राहून बघतायत, घरातलं कोणी परदेशी निघाल्यासारख्या! कस्टर्ड पावडरचा डबा गेला तेव्हा तर त्यांनी हातातला नॅपकिन लावला डोळ्यांना.

आणि सुरू झालं! पाव करायचा तर यीस्ट विकतचं नको, म्हणून बरणीत पीठ आणि पाणी आंबवत ठेवलं. त्याला म्हणे रोज खाऊ घालावं लागतं! आम्हाला नाही घातलं तरी चालेल, बरणीला पाहिजे! माझ्या भाचीकडे जेवायला बोलावलं होतं तर हे बरणी छातीशी धरून बसमध्ये! एका बाईंनी उठून जागा दिली त्यांना. बरणीकडे बघून हळूच विचारलं, "फार दिवस झाले का हो जाऊन?" त्यांना वाटलं कोणाच्या तरी अस्थी आहेत!

पहिला पाव आला तो कापायला शेजाऱ्याची करवत आणली. पास्ता केला तो वाळत घालायला जागा नाही, म्हणून कपड्यांच्या दोरीवर... एकीकडे ह्यांचे मोजे, एकीकडे पास्ता, आणि संध्याकाळी काढताना अंधारात, जाऊ दे, ते मी सांगत नाही. चीज करायचं म्हणून दूध फाडलं आणि माझ्या नव्या पांढऱ्या स्कार्फात बांधून न्हाणीघरातल्या नळाला टांगलं. मी सकाळी अर्धवट झोपेत तोंड धुवायला वाकले आणि कपाळाला काहीतरी गार, ओलं, गुबगुबीत लागलं... अहो, केवढ्यानं किंचाळले मी!

आता खोटं कशाला बोलू? चव होती हो हाताला. पाव पुढं पुढं सुंदर यायला लागला. वरून कुरकुरीत, आतून मऊ, वास असा की जिन्यात पावलं थांबतील. सूपसुद्धा, जेव्हा यायचं तेव्हा, अगदी वा म्हणावं असं. पण कधी यायचं? भूक मरून जायची, तिचं दुःखही ओसरायचं, तेव्हा हे सूप घेऊन यायचे! आणि आम्ही पहिला घास घेताना समोर उभे राहून तोंडाकडे बघायचे. "काय? कसं? खरं सांग." आता त्या चेहऱ्याकडे बघून कोण खरं सांगणार?

तर मग मी काय केलं? जे कोणीही केलं असतं ते. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी माझ्याकडेच असते. डिकीत एक खोकं ठेवलं. नूडल्सचे कप, सूपची पाकिटं, खारी बिस्किटं. आणि गरम पाण्याचा थर्मास. दोन विद्यार्थ्यांच्या मधल्या वेळात गाडी गोदामामागच्या मैदानात उभी करायची, काचा वर, कपात पाणी, आणि... आहाहा! झालं! बघा, हा शब्दच किती छान आहे, 'झालं'!

घरी येऊन मी तोंड धुवायची, चुळा भरायची, वर बडीशेप. ह्यांना काही कळलं नाही. पण सासूबाई! एक दिवस सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन बसल्या, वाकल्या, आणि माझ्या खांद्यापाशी नाक नेऊन एक दीर्घ श्वास घेतला. मी गारठले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. आत स्वयंपाकघरात काहीतरी आटत होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चहा पिता पिता, कप खाली ठेवून, मुलाला म्हणाल्या,

"बाळ्या, मला गाडी शिकायचीय."

ह्यांच्या हातातला चमचा पडला. "आई? ह्या वयात?"

"मग कोणत्या वयात? सूनबाई गावाला शिकवते, घरचीच मी तेवढी अडाणी राहिले. आजपासून जाते तिच्याबरोबर."

आणि माझ्याकडे बघून एक डोळा मिटला! अहो, सत्तरी कधीच ओलांडलेली बाई, मला डोळा मारते!

तेव्हापासून आमचं रोज दुपारचं 'ट्रेनिंग' सुरू. सासूबाई स्टिअरिंगपुढं बसायच्या, मांडीवर रुमाल, हातात कप. पहिल्या दिवशी पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले त्यांनी. म्हटलं, "आई, काय झालं?" तर म्हणतात, "थांब गं जरा. बोलू नकोस."

मग खात खात बोलायला लागल्या. "नऊ माणसांचं केलं मी, रोज. सकाळी उठले की चूल, निजेपर्यंत चूल. तुझा सासरा आधी ताटाकडं बघायचा, मग माझ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, 'आज हेच?' आता हा कप बघ. काही म्हणत नाही बिचारा. खाल्ला, फेकला. भांडं नाही, कुंडं नाही." मग जरा वेळानं म्हणाल्या, "घरच्या जेवणाचं फार कौतुक असतं गं लोकांना. त्यातल्या किती जणांनी मागची भांडी घासलेली असतात, ते विचार एकदा."

तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांत आम्ही दोघी एका घरात राहिलो, पण मनातलं बोललो ते त्या गाडीत, काचा वाफेनं धूसर झालेल्या असताना.

आणि घरी? घरी हे आईवर खूश! "आई, आज काय शिकलीस?"

"आज... पाणी बघायला शिकले."

"रेडिएटरचं?"

"हो, तेच. चांगलं गरम लागतं."

मला ठसका! पण बोलले का मी काही? छे!

इथंच थांबलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण ह्यांना अभिमान आवरेना. जिन्यात भेटेल त्याला, "आमची आई गाडी शिकतेय!" आणि एक दिवस घरी येऊन जाहीर केलं, "रविवारी माझे कारखान्यातले दोस्त येतायत. मैदानावर आई गाडी चालवून दाखवणार, आणि मग माझ्या हातचं जेवण. तिथंच, उघड्यावर. सगळं घरचं!"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. आम्ही इतके दिवस त्या गाडीत बसत होतो, पण गाडी एक वीतभरसुद्धा हलवली नव्हती!

मग काय, शिकवलं. खरंच शिकवलं! आणि तुम्हाला सांगते, मी तरणीताठी मुलं बघितलीत स्टिअरिंगला हात लावताना कापणारी, पण ही बाई! गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न काय, तर "हॉर्न कुठंय?" ब्रेक नाही विचारला, हॉर्न! गाडी सुटली की हसायच्या, मोठ्यानं, तोंड उघडून. वळण आलं की हसायच्या. मी माझ्या बाजूच्या ब्रेकवर उभी, देवाचं नाव घेत, आणि ह्या "अजून एक चक्कर!"

रविवार उजाडला. हे पहाटेपासून स्वयंपाकघरात. मैदानात घडीचं टेबल, त्यावर कापड, पाव, चीज, सूपचं मोठं पातेलं छोट्या शेगडीवर. दोस्त दोघंच आले. एक म्हातारे फोरमन, आणि एक गोंदाच्या मशीनवरचे, त्यांना सगळे 'डिंक' म्हणतात. कामामुळं नव्हे हो. एकदा बसले की उठत नाहीत, म्हणून!

सासूबाई गाडीत बसल्या. मी शेजारी. हॉर्न दिला, विनाकारण, दोनदा. आणि निघाल्या! एक चक्कर, सुंदर. दुसरी चक्कर, फोरमन टाळ्या वाजवतायत. ह्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता, लहान मुलासारखा. आणि तेवढ्यात सासूबाईंच्या अंगात आलं. मला म्हणाल्या, "रिव्हर्स दाखवू?" मी म्हटलं, "नको!" तोवर गिअर पडला होता.

गाडी मागं गेली, जोरात गेली, मागच्या उंचवट्यावर धाडकन आदळली, मी ब्रेक मारला, आणि डिकीचं झाकण, ते मेलं तसंही ढिलंच, फटकन उघडलं. खोकं उडालं. आणि सगळं... कप, पाकिटं, बिस्किटं... घरंगळत घरंगळत बरोबर ह्यांच्या टेबलापर्यंत.

सूपचं पातेलं तेवढं रटरटत होतं.

ह्यांनी खाली वाकून बिस्किटांचा एक खोका उचलला. उलटा केला. सुलटा केला. मग माझ्याकडे बघितलं. "कधीपासून?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी काच खाली केली. "तिला नको विचारूस. मला विचार. बाळ्या, जेवण छान करतोस. तुझ्या बापानं एक दिवस असं केलं असतं तर मी जन्मभर त्याचं कौतुक केलं असतं. पण तू वेळेवर करत नाहीस. तू शाळेत होतास तेव्हा मी तुला कधी म्हटलं का, की 'अजून मुरतंय, आज उपाशीच जा'?"

ह्यांनी खोका टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "मग मला कोणी सांगितलं का नाही?"

आणि... मी बोलले! अहो, बोलले! इतक्या दिवसांचं साठलेलं, बांध फुटावा तसं! म्हटलं, कसं सांगणार, कसं सांगणार तुम्हाला, तुम्ही भिंतीकडे बघत बसायचात तेव्हा माझा जीव खालीवर व्हायचा, आणि मग तुम्ही उभे राहिलात, हसायला लागलात, शिट्टी वाजवायला लागलात पीठ मळताना, मी भुकेनं मेले असते तरी चाललं असतं पण तुम्हाला परत त्या खुर्चीत बघायचं नव्हतं मला, आणि त्यात तो चीजचा गोळा माझ्या कपाळाला लागला, माझा स्कार्फ गेला, मोज्यांबरोबर पास्ता, आणि भूक लागते हो मला, खरंच भूक लागते, माणूस आहे मी, ती बरणी बरी, तिला वेळेवर मिळतं!

दम लागला मला. फोरमन आभाळाकडे बघतायत. डिंक जमिनीकडे.

हे खुर्चीवर बसले. म्हणाले, "कारखान्यात भोंगा व्हायचा. भोंगा झाला की काम सुरू, भोंगा झाला की जेवण. आता भोंगा नाही. मला वाटतं, वेळच वेळ आहे. सगळ्यांनाच आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला नसतो, हे लक्षातच आलं नाही गं."

मला रडू यायला लागलं, ह्यांचाही चेहरा कसनुसा झाला, आणि तेवढ्यात डिंक घसा खाकरून म्हणाले,

"वहिनी... थर्मासात गरम पाणी आहे का हो?"

"अहो, सूप आहे ना!" हे म्हणाले.

"झालंय का?"

"...होतंय."

आणि मग आधी फोरमन हसले, मग सासूबाई हॉर्न वाजवायला लागल्या, मग सगळेच! नूडल्सचे कप उघडले. ह्यांनीसुद्धा एक घेतला. एका हातात कप, दुसऱ्या हातात झाकण, खाता खाता मोठ्यानं वाचतायत, "मीठ... स्टार्च... मीठ... हे बघ, परत मीठ..." आणि कप चाटूनपुसून साफ! नंतर सूप झालं तेव्हा तेही प्यायलो, पावाबरोबर. अप्रतिम होतं. भरल्या पोटी तर फारच अप्रतिम!

तेव्हापासून तह झाला. मी घरात पाऊल टाकते तेव्हा ताटात काहीतरी असलंच पाहिजे. साधं असो, उकडलेला बटाटा असो, पण 'झालेलं'! आणि पाकिटांना एक फळी, सासूबाईंच्या ताब्यात. त्या आता लायसन्सच्या परीक्षेला बसणार म्हणतात. मी सुट्टी घेऊन त्या दिवशी गावाबाहेर जाणार आहे.

सगळं सुरळीत चाललं होतं हो. पण डिंक यायला लागले. रोज. दोघं बसून त्या कपांची खोकी बघायचे, घड्या उलगडायचे, नाकं मुरडायचे. आणि एक दिवस ह्यांना साक्षात्कार झाला. "अगं, पाकीट मुळात वाईट नाहीच! आतला माल वाईट. आतला माल आपला घातला तर?"

झालं! गच्चीवर टोमॅटो वाळतायत, चपलांच्या कपाटात गाजरं, माझ्या उशीखाली कांद्याच्या चकत्या. सगळं वाळवून, कुटून, पूड करून, आणि वर दोघांनी मिळून खोका बनवला. काय खोका हो! अशी घडी मी जन्मात बघितली नाही. आज मी घरी आले तर हे दारात उभे, दोन्ही हातांत तो खोका, नवरदेवासारखे लाजत. म्हणाले, "पहिला तुला. भूक लागली की थांबायला नको. इन्स्टंट आहे!"

भरून आलं मला. खरंच. इतक्या वर्षांत ह्या माणसानं मला एवढं मनापासून काही दिलं नव्हतं. खोका उघडला, पूड कपात घातली. मागं ह्यांच्या सुंदर अक्षरात कृती लिहिलीय, ती वाचली. 'गरम पाणी ओता. झाकण ठेवा. दीड तास थांबा.'

ओतलंय पाणी. म्हटलं, तोवर जरा तुमच्याशी बोलावं.